बदकाचा मालक कोण?

"ट्रेडमार्कचा अर्ज म्हणजे काय रॉकेट सोडायचंय? मावशी, मी आहे ना! तुझा चहा संपायच्या आत अर्ज गेला म्हणून समज!"

टिकलीने बाह्या सरसावल्या. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिच्यासाठी जगात अवघड असं काही उरलंच नव्हतं! मावशीचा जीव मात्र टांगणीला लागला होता. सहा वर्षं मागच्या खोलीत साबण ओतून तिने वेष्टनावरचं आपलं टोपीवालं बदक घरोघरी पोचवलं होतं, आणि परवा समोरच्या दुकानदाराने हुबेहूब तसंच बदक छापून स्वतःचा साबण मांडला!

टिकलीने आधी शोध घेतला, असलं बदक कुणी नोंदवलंय का. बदकं निघाली ढीगभर! पोहणारी, उडणारी, एक तर चक्क छत्री घेतलेलं! पण टोपीवालं एकही नाही. मग मालाचा प्रकार निवडला, स्वच्छ चित्र टाकलं, जुनी बिलं पुरावा म्हणून जोडली. सगळं कसं झक्कास!

मग रकाना आला : अर्जदाराचे नाव.

आता अर्ज कोण भरत होतं? टिकली! वाचनालयाचा अर्ज असो की सहलीचा, जो भरतो त्याचंच नाव! तिने ठसक्यात स्वतःचं नाव टाकलं आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी वर येऊन मावशीच्या हातातली अर्जाची पावती पाहिली आणि चष्मा काढून पुसला.

"अहो, हे बदक तुमचं नाहीच!"

"मग काय त्या मेल्या दुकानदाराचं?"

"नाही हो, तुमच्या भाचीचं! अर्जदार म्हणजे चिन्हाचा मालक. फॉर्म भरणारा नव्हे!"

"मग मी नवा अर्ज करते!"

"करा की! पण तुमच्या बदकाला भाचीचं बदक आडवं येईल. ते आधी आलंय!"

टिकलीचं डोकं मिक्सरमध्ये पडल्यासारखं गरगरलं. "म्हणजे मी मावशीची नक्कल केली? आणि तो दुकानदार?"

"त्याचा यात कुठे संबंधच नाही! तू अर्ज मागे घे, मावशी स्वतःच्या नावाने करेल. आणि नोंदणी होईपर्यंत वेष्टनावर 'नोंदणीकृत' छापू नका हं!"

मावशी तडक खिडकीत गेली आणि तिने मोठ्या बहिणीला फोन लावला. मावशीचा फोनवरचा आवाज म्हणजे आगगाडीची शिट्टी! "ताई, तुझ्या पोरीने माझं बदक लाटलंय! मी वकील गाठलाय!"

अख्ख्या गल्लीने ऐकलं.

तासाभरात समोरचा दुकानदार दारात हजर! कपाळावर घाम, काखेत वेष्टनांचा गठ्ठा.

"ताई, चुकलं माझं! ही सगळी वेष्टनं तुम्हीच फाडा. उद्यापासून माझ्या साबणावर कासव! सख्ख्या भाचीवर वकील घालता तुम्ही, मी तर नुसता शेजारी!"

मावशीने आधी गठ्ठा ओढून घेतला.

तो जिना उतरतोय न उतरतोय तोच टिकली उसळली, "बघितलंस? हाच तर माझा डाव होता!"

"हो का? मग अर्ज मागे घेण्याचं कारण म्हणून तेच लिही!" मावशीने कोरा कागद पुढे सरकवला.

टिकलीने बराच वेळ पेन चावलं. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं, 'अर्ज भरताना माझा थोडा गोंधळ झाला.'

मावशीने पेन घेतलं आणि त्यातला 'थोडा' खोडला.