कच्च्या सुताची फत्ते

श्री.

शके अठराशे त्र्याऐंशी, प्लवनाम संवत्सरे, वैशाख वद्य त्रयोदशीपासून अमावास्येपावेतो मौजे साखरखेर्ड्याजवळ बाभूळतळ्यावर जो रणप्रसंग गुजरला, त्याची हकीकत काठावर बसणारांच्या तोंडून ऐकिली तैसी लिहिली असे. पदरचे मीठ घातले नाही. उणे दिसेल ते वाचणारांनी पोटात घालावे.

ऐसियास, त्या मुलखी राजश्री इंद्रभानजी नामे शेतकरी, सात एकर काळी जमीन, दोन बैल आणि एक कन्या यांचे धनी होते. कन्या कोकिळाबाई पहिल्या बाळंतपणास माहेरी आली आणि सातवा महिना लागला आणि अन्नाने तिजशी दावा मांडिला. भाकर पाहिली की तोंड फिरवी, वरणाचा वास आला की उठून जाई, अंगाची वात जाहली, आणि मग एके सकाळी न्हाणीच्या दगडावर बसून मायेस हळूच बोलिली की, "माय, मले मरळ खा वाटून राह्यली. बाभूळतळ्याची."

हे बोल इंद्रभानजींचे कानी गेले ते काळजात जाऊन बसले. कारण पोटुशीचा डोहाळा मोडला तर उपजल्या लेकराची लाळ गळते, ऐसा त्या मुलखीचा कायदा. दुसरे कारण त्याहून सख्त. चौथे दिवशी अधिक महिना बसत होता, आणि धोंड्याचे महिन्यात त्या घरी मासळी शिजत नाही. महिनाभर लेकीने काय गूळपाण्यावर जगावे? सबब मुदत तीन दिवसांची, आणि मोहीम मुक्रर जाहली.

मग युद्धसामग्री सिद्ध केली. मलकापुरास आगगाडीने उतरलेला नायलॉनचा दोर माळ्यावरून काढिला, चिखलीच्या बाजारचे तीन गळ काढिले. गळास आमिष बेडकीचे. दोर तळास बसावा म्हणोन वजन पाहिजे, ते घरीच होते. सरकारने किलोचा अंमल बसविल्यापासून पावशेर, अधपाव आणि छटाक हे तिघे जुने सरदार बाजारातून बडतर्फ जाहले होते; परंतु इंद्रभानजींचे कुटुंब सौभाग्यवती मंजुळाबाई यांनी त्यांस मुदपाकखान्यात आसरा दिला होता, आणि लोणी त्यांच्याच साक्षीने तोलले जाई. इंद्रभानजींनी बाईसाहेबांस न पुसता पावशेर उचलला आणि कूच केले.

तळे उन्हाळ्याने निम्मे आटले होते. पाण्याखाली बुडाल्या बाभळींचे खुंट, खुंटांस मुळ्यांचे बुरूज, आणि आत मरळ गढी धरून बसलेली. त्रयोदशीस दोन प्रहरी मरळेने बेडकी गिळली आणि दोर ताणला आणि इंद्रभानजींनी ओढ घेतली. तो पावशेर मुळ्यांचे बेचक्यात शिरला. इकडून धनी ओढिती, तिकडून खुंट सोडीना, मध्ये दोर तुटला. मरळ गेली, गळ गेला, पावशेर ठायीच पडला. लिंबाखाली निवृत्ती नामे शेजारी बैलांस पाणी पाजावयास आले होते, ते बोलिले की, "काऊन बे इंद्रभान, मासे धरून राह्यला का वजनं पेरून राह्यला?"

घरी आले तो लोणी तोलावयाची वेळ. बाईसाहेबांनी तराजूकडे पाहिले, धन्याकडे पाहिले, रागे भरल्या नाहीत. पेटीतून गेल्या वटपौर्णिमेचे उरले कच्चे सूत काढिले आणि फर्माविले की, "कोकिळीचे बाबा, वजन ह्या सुतानं बांधा. अडकलं तं सूत तुटंल, मासा दोरावर राहील."

मसलत सोन्याची होती. परंतु इंद्रभानजी मनाचे हळवे. वाटेने विचार केला की, जे सूत वडाभोवती फिरवोन हिने आपणांस सात जन्म मागितले, ते लोखंडास बांधोन चिखलात टाकावे, हे कोण्या धर्मात बसते? ऐसे पुण्यवान सूत मरळेसच पाहिजे. म्हणोन चतुर्दशीस त्यांनी सुताने बांधला गळ, आणि दोराने बांधला अधपाव.

मरळ आली. अधपाव खुंटात बसला. ओढ पडताच सूत केसासारखे तुटले आणि मरळ शेपूट हलवीत चालती जाहली. मग संतापाने हिसका दिला तो दोरही तुटला. निवृत्ती बैलाची पाठ थोपटीत बोलिले की, "सावित्रीनं सुतानं नवरा सोडवला, तू मासा सोडवला बे."

इंद्रभानजींनी तुटका दोर गुंडाळिला आणि घरची वाट धरिली.

अमावास्या उजाडली. कोकिळाबाईने सकाळी घोटभर पेज घेतली आणि तीही टाकली. मग मंजुळाबाई पदर खोचून, छटाक मुठीत धरोन, खासा तळ्यावर आल्या. गळ दोरास बांधिला. वरती वीतभर अंतरावर सुताची फांदी काढोन तिजला छटाक टांगिला. धनी खाली मान घालोन बोलिले की, "तुहं सूत आहे. तोडाचं कसं?"

बाई म्हणाल्या, "सुताले ठाऊक राह्यते काय ते वडाले होतं का छटाकाले? जे जाऊ द्याचं ते कच्च्यानं बांधा, जे घरी न्याचं ते पक्क्यानं." आणि गाठ आवळता आवळता, जात्यावर बसल्यासारखे, पुटपुटल्या:

कच्च्या सुताले बांधला, जाणारा जडभार
पक्क्या दोराच्या शेवटी, माह्या लेकीचं माहेर

दोर पाण्यात गेला. ऊन डोक्यावर आले. लिंबाखाली निवृत्तीही बैल घेऊन हजर. आणि मग दोर थरारला, ताणला, आणि अडला. छटाक खुंटात बसला होता. इंद्रभानजींनी डोळे मिटले आणि ओढिले. पाण्याखाली बारीकसे काही तुटले ते हातास कळले. आणि दोर हलका जाहला, परंतु रिता जाहला नाही. दोराच्या शेवटी जीव होता. तो झुंजत झुंजत काठापावेतो आला, आणि चिखलात उलटू लागला, तेव्हा निवृत्ती बैल सोडोन गुडघाभर पाण्यात शिरले आणि पागोटे टाकोन त्यांनी मरळ दाबिली. वर आल्यावर इतकेच बोलिले की, "वहिनी, हे पागोटं तुम्हीच धुवाचं."

येणेप्रमाणे बाभूळतळ्याची मोहीम फत्ते जाहली. पावशेर, अधपाव आणि छटाक हे तिघे सरदार कामी आले. ते अद्याप तळाशी ठाणे देऊन आहेत.

बखरीचे रिवाजाने मरळेचे वजन लिहिणे प्राप्त होते. परंतु ती घरी आली तेव्हा तराजू रिता होता आणि तोलावयास घरात एकही वजन उरले नव्हते. निवृत्ती तीन शेर सांगतात, इंद्रभानजी दोन. मंजुळाबाईंस पुसिले तो त्यांनी साक्ष दिली की, कोकिळीने मरळ खाल्ली, ताट बोटाने पुसले, आणि मागितली ती दुसरी भाकर. तेवढेच माप येथे नमूद केले असे.