मोहल्ल्यात कुणालाही विचारा

अर्जाच्या नवव्या रकान्यापाशी मिरवली-अका जे अडले ते अडलेच. पहिले आठ रकाने तासाभरात झाले होते. नाव, वय सत्तावन्न, बस चालवण्याचा अनुभव एकतीस वर्षं, वैवाहिक स्थिती विधुर. नवव्या रकान्यात ‘आपले गुण’ लिहायचे होते.

आमच्या कोकंद शहरातल्या मोहल्ल्याचं केंद्र म्हणजे एकच खोली. सकाळी तिथे काम शोधणाऱ्यांना मदत मिळते आणि दुपारी शाळा सुटली की मुलं अभ्यासाला येतात. अका, म्हणजे आमचे मिरवलीदादा, सकाळी आले होते. आता तीन वाजले होते, मुलं आली होती आणि अका त्यांच्याच बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. अकरा वर्षांची ओयगुल त्यांच्यासाठी संगणकावर टाईप करत होती.

“अका, गुण सांगा ना.”

“स्वतःचे गुण स्वतःच सांगायचे? लोक शेण घालतील तोंडात.”

“मग मी लिहिते. बसमध्ये आम्हाला फुकट बसू देतात.”

“ते लिहू नकोस गं बाई!”

केंद्र चालवणारी नोदिरा पलीकडे तिघांना एकदम अपूर्णांक शिकवत होती. ती तिथूनच म्हणाली, “अका, नववा राहू द्या. दहावा भरा. तुमच्याबद्दल खात्री देतील अशी दोन नावं हवीत.”

“कुणाची देऊ? माझ्यासाठी कुणी का आपला वेळ घालवायचा?” अकांनी बराच विचार केला. “असं लिही, मोहल्ल्यात कुणालाही विचारा.”

“असं लिहीत नाहीत, अका.”

“का? खोटं आहे का?”

खोटं नव्हतं. नोदिराने हात जोडले आणि ओयगुलने तसंच टाईप केलं.

अकांचा बसमार्ग वसंतात बंद झाला होता. त्यांची बायको सबोहत त्याच्या दीड वर्ष आधी गेली होती. बस चालू होती तोवर दिवस तरी निघत होता. पेन्शन एका माणसाला आणि त्याच्या अंड्यांना पुरत होती, पैशाची तशी ओढ नव्हती. पहिल्याच दिवशी केंद्रात येऊन ते नोदिराला म्हणाले होते, “मला सकाळी सहाला कुठेतरी जायचं असतं. कुठे, ते तू बघ.” नोदिराने बघितलं होतं. गावाबाहेरच्या शिवणकारखान्याला बसचा ड्रायव्हर हवा होता. चाळीस बायकांना सकाळी घरून न्यायचं आणि संध्याकाळी घरी सोडायचं. तेव्हा माणसाची नीट चौकशी होणार होती.

ती चौकशी करायला गुरुवारी मुअज्जम नावाच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, हातात पर्स आणि हलव्याचा डबा, कारण रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नसतं. अर्जात लिहिलंच होतं, म्हणून त्यांनी गल्लीत शिरल्यावर जो पहिला माणूस दिसला त्याला विचारलं. तो माणूस म्हणजे फाटकाशी गाजरं सोलत बसलेल्या रिसोलत-खोला, सगळ्या गल्लीची मावशी, वय बाहत्तर.

“खोला, मिरवली कसा माणूस आहे हो?”

खोलांच्या हातातलं गाजर थांबलं. अनोळखी बाई, हातात गोडाचा डबा आणि बायको नसलेल्या पुरुषाची चौकशी. आमच्याकडे याचा अर्थ लहान मूलही सांगेल. आणि मुलगा बघायला आलेल्या बाईला ‘का विचारता?’ असं विचारणं हा शुद्ध अडाणीपणा.

“आधी आत या,” खोला म्हणाल्या. “चहा घ्या. असं रस्त्यावर बोलतात का?”

मुअज्जम-ओपांनीही, म्हणजे या पाहुण्या ताईंनीही, कारण सांगितलं नाही. नोकरीसाठी विचारतोय म्हटलं की लोक नुसतं कौतुक करतात, हा त्यांचा अकरा वर्षांचा अनुभव होता.

खोलांनी सुनेला डोळ्यांनी खुणावलं. सून लतोफत किटली ठेवता ठेवता मागच्या दाराने पळाली आणि पाच मिनिटांत चार शेजारणी घेऊन आली. एकीला तिने अकांची मोठी बहीण तुर्सुनोय हिच्याकडे पिटाळलं.

“स्वभावाने तापट आहे का?” ओपांनी वही काढली.

“तापट? लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सबोहतने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. दोन पियाले प्यायला बिचारा. वर म्हणाला, आज चहा वेगळा झालाय.”

“बायकांशी कसा वागतो?”

“मान वर करून बघत नाही. माझी सून इथे नऊ वर्षं आहे, त्याला तिचं तोंड माहीत नसेल.”

“सकाळी लवकर उठतो?”

“अंधारात उठतो आणि अंगण झाडायला लागतो. स्वतःचं संपलं की आमचं. काम नाही ना हाताला.”

ओपांनी ‘उत्तम’ लिहिलं. पण आमच्याकडे स्थळाची माहिती देताना खोटं बोलायचं नसतं, पुढे काही झालं तर पाप सांगणाऱ्याच्या माथी येतं. म्हणून शेजारणींनी दुसरी बाजूही उघडली.

“घोरतो मात्र,” एक म्हणाली.

“आमच्या घरापर्यंत ऐकू येतं,” दुसरी म्हणाली. “मध्ये दोन भिंती आणि एक गोठा आहे.”

“दुपारीही झोपतो?” ओपांनी काळजीने विचारलं.

“पडलं की लागते झोप. टीव्हीवरची मालिका बघून रडतो. अंडी करपवतो आणि तीच खातो. आणि एकटाच बोलतो हो.”

“कुणाशी?”

शेजारणींनी खोलांकडे बघितलं. मग खोला म्हणाल्या, “बायकोशी. पण ते कमी होईल आता. बोलायला जिवंत माणूस मिळालं की होतं कमी.”

ओपांनी ते लिहून घेतलं नाही.

तेवढ्यात तुर्सुनोय धापा टाकत आली. भाऊ दोन वर्षं अंड्यांवर जगतोय हे बघून तिचं काळीज तुटत होतं. तिने ओपांना आपादमस्तक न्याहाळलं, गळामिठी मारली आणि बरोबर आणलेले दोन ताजे नान एकावर एक ठेवून खोलांच्या पुढ्यात सरकवले. खोलांनी बिस्मिल्ला म्हणून दोन्ही एकदम मोडले. सगळ्यांनी तळवे पसरून आमीन म्हटलं. जेवणाआधी म्हणतात तसं ओपांनीही म्हटलं. लतोफत रडायला लागली. या गल्लीतल्या लोकांना नोकरीचं फारच अप्रूप दिसतंय, असं ओपांना वाटलं.

एव्हाना बातमी केंद्रात पोचली होती. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, “मिरवली-अका, तुमचा नान मोडला!” आमच्याकडे नान मोडला म्हणजे साखरपुडा झाला.

अका मुलांच्या वह्यांना पुठ्ठा लावून देत होते. ते कात्रीसकट उठले आणि तसेच गल्लीतून चालत खोलांच्या अंगणात आले. मागे नोदिरा, तिच्यामागे पंधरा मुलं.

“ओपा,” ते जमिनीकडे बघत म्हणाले, “तुम्ही भल्या घरच्या दिसता. मला माफ करा. मला नाही जमणार. अजून तिच्या चपला दारातून हलवलेल्या नाहीत मी.”

मुअज्जम-ओपांना चपलांचं काही कळलं नाही. “जमणार नाही? मग अर्ज कशाला भरलात?”

लतोफतचं रडणं एकदम थांबलं.

“अर्ज?” तुर्सुनोय ओरडली. “तू यासाठी अर्ज भरलास? आणि मला सांगितलं नाहीस?”

“नोदिरा,” रिसोलत-खोला हळूच म्हणाल्या, “तुमच्या केंद्रात हेसुद्धा होतं होय गं?”

नोदिराने तोंड उघडलं, पण ओपा आता तापल्या होत्या. “हे बघा, आमच्याकडे खेळ नाही चाललेला. आधीचा माणूस तीन दिवसांत पळून गेला. सोमवारपासून चाळीस बायका रस्त्यावर उभ्या राहतील. त्यांना कोण सांभाळणार?”

खोलांनी मोडलेला नान खाली ठेवला.

“चाळीस?” त्या म्हणाल्या.

“चाळीस. कधी बेचाळीस.”

“बाई गं,” खोला म्हणाल्या, “त्याला एकीला सांभाळताना घाम फुटायचा.”

मग नोदिरा खुर्चीवर चढली, मुलांना गप्प करताना लावते तो आवाज लावला आणि सगळा प्रकार सांगितला. शिवणकारखाना, बस, ड्रायव्हर, दहावा रकाना. संपायच्या आत लतोफत हसत जमिनीवर बसली. मुलं विनाकारण टाळ्या वाजवायला लागली. एकटे अका हसले नाहीत. त्यांचं लक्ष ओपांच्या वहीकडे होतं. ते पान उघडंच होतं आणि त्यांना जवळचं वाचायला चष्मा लागत असला तरी ‘घोरतो’ हा शब्द मोठा लिहिलेला होता.

तुर्सुनोयनेही तो पाहिला आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. भावाची नोकरी आपणच घालवली.

“ओपा, ते घोरण्याचं खोडून टाका,” ती म्हणाली. “ते आम्ही नवरा म्हणून सांगितलं होतं. ड्रायव्हर म्हणून तो घोरत नाही.”

“अजिबात नाही!” शेजारीण म्हणाली. “आणि भिंती आमच्या पातळ आहेत.”

“दुपारी झोपतो ते फक्त रविवारी!”

“अंडीसुद्धा चांगली करतो!”

“पुरे,” मुअज्जम-ओपा म्हणाल्या. त्या अकांकडे वळल्या. “तुम्ही सांगा. तुमच्याबद्दल तुम्हाला काय म्हणायचंय?”

सगळं अंगण अकांकडे बघत होतं. ओयगुल मागून कुजबुजली, “नववा रकाना, अका!” अकांनी घसा खाकरला. कात्री या हातातून त्या हातात घेतली.

“काय सांगू?” ते शेवटी म्हणाले. “माझ्यापेक्षा चांगले ड्रायव्हर पुष्कळ आहेत.”

तुर्सुनोयने कपाळावर हात मारला.

ओपांनी वही मिटली. “अकरा वर्षं मी चौकशा करतेय,” त्या म्हणाल्या. “ज्याला त्याला विचारा, सोन्यासारखा माणूस, कामसू, प्रामाणिक. तो पळालेलाही सोन्यासारखाच होता. डिझेल घेऊन पळाला. आज पहिल्यांदा मला एखाद्या माणसाची खरी माहिती मिळाली.” त्यांनी पर्स उचलली. “सोमवारी सहाला गाडी ताब्यात घ्या. आणि दुपारी बायका कामावर असताना झोपलात तरी चालेल. गाडीच्या काचा तेवढ्या लावून घ्या.”

अकांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. सोमवारी ते पावणेपाचलाच जाऊन बसमध्ये बसले, असं कारखान्याचा पहारेकरी सांगतो.

या गोष्टीतून आमची गल्ली शहाणी झाली. इतकी, की महिन्याभराने तशीच एक अनोळखी बाई गोडाचा डबा घेऊन गल्लीत आली आणि तिने मिरवली कसा माणूस आहे असं विचारलं, तेव्हा कुणीही फसलं नाही. दुसरा एखादा कारखाना आपला माणूस पळवायला टपलाय हे रिसोलत-खोलांनी तेव्हाच ओळखलं. तरी चांगल्या माणसाला दोन ठिकाणी मागणी असली तर वाईट काय, असा विचार करून त्यांनी तुर्सुनोयला बोलावून घेतलं. या वेळी खरं सांगून घोळ घालायचा नाही, असं दोघींनी ठरवलं.

संध्याकाळी अका बस लावून घरी आले तेव्हा बहीण ओट्यावर तोंड पाडून बसली होती.

“काय झालं, ओपा?”

“ती बाई तुझ्या चाळीसांतल्या एकीची मावशी होती. स्वतःच्या धाकट्या बहिणीसाठी आली होती. विधवा आहे. खरंच स्थळ घेऊन आली होती रे, मिरवली.”

अका दारातच थांबले. “मग तुम्ही काय सांगितलंत?”

“कामाचंच समजलो ना आम्ही. मी म्हटलं, दोन ठिकाणी एकदम करायचीही त्याची तयारी आहे. सकाळी त्यांच्याकडे, दुपारी तुमच्याकडे.”

अका तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

“खोला म्हणाल्या, जेवणाचा खर्च नाही, डबा घरून आणतो.”

“आणि?”

“आणि मी म्हटलं,” तुर्सुनोयचा आवाज अगदी बारीक झाला, “पंधरा दिवस वापरून बघा. नाही पटला तर परत पाठवा, आमची तक्रार नाही. ती चहा अर्धा टाकून उठली. कशासाठी आले होते ते सुनावून डबासुद्धा परत घेऊन गेली.”

अकांनी ओट्याचा कठडा धरला. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हलायला लागलं आणि मग ते असे हसले की पलीकडच्या अंगणात लतोफतने नळ बंद करून कान दिला. हसता हसता ते सवयीने आतल्या खोलीकडे वळले. तिला सांगायचं म्हणून हाक अगदी ओठांवर आली होती.

ते उंबऱ्यावरूनच मागे फिरले. मग ओट्यावर येऊन बहिणीशेजारी बसले आणि रुमालाने डोळे पुसले.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले. “पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस.”