घोड्याचा पाय

आपल्या हातून एकदा तरी कोणाचा जीव वाचावा, अशी चारुदत्तची फार इच्छा होती. पण मेलं कोणी मरायलाच टेकत नव्हतं! कंपनीने दोन दिवसांचा प्रथमोपचार वर्ग घेतला, प्रमाणपत्र दिलं, वर एक लाल पेटी दिली. तेव्हापासून खारघरच्या त्याच्या सोसायटीत कोणाला नुसती ठेच लागली तरी हा जिने उतरून हजर. शेवटी लोक त्याला पाहिलं की जपून चालायला लागले.

ती पेटी घेऊनच तो आपट्याला, बायकोच्या माहेरी निघाला. शोभाच्या भाच्याचं, प्रणितचं लग्न होतं.

"अहो, लग्नाला चाललोय आपण, लढाईला नाही," शोभा म्हणाली.

"गर्दी म्हटली की अपघात आलाच! बघच तू, आज तुझ्या माहेरची माणसं माझं नाव काढतात की नाही!"

नाव काढून घ्यायची त्याला निकडच होती. बावीस वर्षं सासुरवाडीत मान भरपूर मिळाला, काम मात्र एकही नाही. त्याने कशाला हात लावला, की मेहुणा कृष्णकांत ओरडायचा, "भावोजी, तुमी बसा! ए, खुर्ची आना रं!" चारुदत्त बसायचा. बसून बसून त्याला वीट आला होता.

दुपारचे चार वाजले होते. पाचला नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या देवळात जाणार, आणि परत आला की दारच्याच मांडवात लग्न. प्रणितची आजी, म्हणजे चारुदत्तच्या सासूबाई सखूबाई, सकाळपासून नऊवारी नेसून ओटीवर बसल्या होत्या. त्यांच्या धन्याला घोडा मिळाला नव्हता, मुलाला त्याची हौस नव्हती. नातू तरी घोड्यावर बघायचा, एवढी एकच आस होती म्हातारीला.

चारुदत्त पेटी काखेत मारून मांडवामागे फिरत होता. तिथे मांडववाला देवेश फोनवर आपल्या जोडीदाराशी बोलत होता.

"कल्पेश, घोड्याचा पाय मोडलाय रं! मागचा, डावा... हां, उबा केला की डुलतोय... आता येलंवर दुसरा कुटना आनू? दोरीनं आवलतो, नाय तं अजून येक खिला ठोकतो. आजचा दिस काडंल. उद्या फोडू नि चुलीत घालू!"

चारुदत्तच्या अंगावर काटा आला. खिळा! चुलीत! माणसं आहेत की कसाई?

"कुठंय घोडा?"

"त्यो काय, मागं, आंब्याखाली. पन जावयबापू, तुमी कशाला..."

जावयबापू पोचलेसुद्धा!

आंब्याला पांढरा शुभ्र घोडा बांधलेला होता. तीन पायांवर उभा, मागचा डावा पाय नुसता टेकवलेला, डोळे अर्धे मिटलेले. उभ्या उभ्या डुलकी घेणारा घोडा असाच दिसतो, हे काही वर्गात शिकवलं नव्हतं. आणि घोड्याचा मालक आनंदा गेला होता चहाला.

रुग्णाला आधी धीर द्यावा, हे मात्र शिकवलं होतं. "घाबरू नका," चारुदत्त म्हणाला. घोड्याला अहो-जाहो जरा जास्तच होतंय असं त्याला वाटलं, पण पहिलाच रुग्ण होता. घोड्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

"शुद्ध हरपत चालली!"

आता पायाला आधार द्यायला फळी हवी. शेजारीच आंब्याला मांडववाल्यांची एक जुनी लाकडी शिडी टेकवून ठेवली होती, तिची एक फळी सुटून लोंबत होती. चारुदत्तने ओढली, निघाली! ती पायाला लावून त्याने पेटीतली झाडून सगळी बँडेजं गुंडाळली. घोडा बिचारा गरीब. लग्नात काय काय करून घेतात, याची त्याला सवय असावी.

हात पुसत चारुदत्त ओटीसमोर आला.

"घोड्याचा पाय मोडलाय. मी बांधलाय. पण त्याच्यावर कोणीही बसायचं नाही. वरात रद्द!"

बँड थांबला. सगळा मांडव आंब्याखाली धावला. सखूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माज्या नशिबातच नाय रं घोडा," म्हणून त्या रडायलाच लागल्या. चारुदत्तला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला कोणी 'बसा' म्हटलं नव्हतं, आणि त्याचं त्याला बरंही वाटत होतं.

आनंदा चहा टाकून पळत आला. "बादल! आरं, सकाली तं नाचत आला व्हता!" त्याने लगाम ओढला. बादलने काठीसारखा ताठ झालेला पाय वर उचलला आणि तो खाली ठेवीचना! कोणीतरी पनवेलच्या गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. त्याने सांगितलं, "हलवू नका." म्हणजे संपलंच!

एवढ्यात गर्दीच्या मागून देवेशची आरोळी आली. "घोड्याचा पाय कुनी नेला रं?"

सगळ्यांनी बादलचे पाय मोजले.

"पाय हाय जागेवर," कृष्णकांत म्हणाला. "मोडलाय."

"मोडलेलाच शोदतोय! सुटून लोंबत व्हता!"

"अगं बया, सुटून?" सखूबाई रडायच्या थांबल्या.

"हितं तं झाडाला टेकवून ठेवलेला घोडा!" देवेश गर्दीतून पुढे घुसला आणि बँडेजातून डोकावणारी फळी बघून जागच्या जागी खिळला. "ह्यो बगा! आरं, आमच्या घोड्याचा पाय ह्या घोड्याला कुनी बांदला?"

चार पायांची घडीची शिडी, तिला मांडववाले घोडा म्हणतात. तिथल्या दोनशे माणसांना हे ठाऊक होतं. एकालाच नव्हतं!

आनंदाने बँडेजं सोडली. पाय धडधाकट होता. मात्र देवेशने पूर्वी कधीतरी त्या फळीत ठोकलेला खिळा घोड्याला चाटून गेला होता आणि बोटभर ओरखड्यातून रक्त येत होतं. म्हणजे आता खरोखरच प्रथमोपचाराची गरज होती! चारुदत्तने पेटी उघडली. आत फक्त प्रमाणपत्र उरलं होतं.

"चुकलं माझं," तो कसाबसा म्हणाला. त्याला घोड्याच्या डोळ्यांकडे बघवेना.

आनंदाने जखम धुतली. सखूबाई घरात जाऊन काल नवरदेवाला लावून उरलेल्या हळदीची वाटी घेऊन आल्या आणि आनंदाने ती हळद घोड्याच्या पायाला थापली.

"नवऱ्याची उष्टी हलद घोड्याला!" सखूबाई म्हणाल्या. "आता परनितचं लगीन लागायचं कुनासंगं?"

डोळे अजून ओले होते, पण म्हातारी हसत होती. मग आनंदाने लगाम धरला. "चल रं बादल." दोनशे माणसांनी श्वास रोखला. बादलने पाय टेकला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि बँड सुरू होताच चक्क नाचायला लागला! प्रणित घोड्यावर बसला. सखूबाईंनी आधी नातवाची दृष्ट काढली, मग घोड्याची.

पण मांडवाच्या कमानीवरचे दिवे लावायचे राहिलेच होते आणि देवेशचा घोडा तीन पायांवर उभा होता. कृष्णकांतने इकडेतिकडे पाहिलं. या वेळी त्याने खुर्ची मागवली नाही.

"भावोजी, ह्याचा पाय तुमी धरा."

वरात परतली तरी दिव्यांचं काम चालूच होतं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि चारुदत्त कमानीखाली शिडीला मिठी मारून उभा! शोभाला राहवलं नाही, ती धावत आली.

"अहो, तुम्हाला काही लागलं-बिगलं नाही ना?"

"बोटात लाकडाची कूस भरलीय," तो हळूच म्हणाला.

"बँडेज कुठंय?"

शोभाच्या मागोमाग आलेल्या सखूबाईंनी ते ऐकलं. त्यांनी हळदीची वाटी पुढे केली.

"शोभे, जरा उरलीय बग घोड्याची. लाव जावयाला!"