आठव्या खुर्चीतली बाई

साहेब, एका जित्याजागत्या बाईला यंत्र ठरवलंत ते तुम्हीच. मोबाईल गेमची पहिली मोठी स्पर्धा भरवलीत, ‘कुणीही या, कुणीही जिंका’ असं बसच्या पाठीवर रंगवलंत, आणि कुणीतरी खरंच आली तेव्हा तुमचं धाबं दणाणलं.

ती शर्टाच्या कारखान्यात बटणं लावायची. एकोणीस वर्षं. पायाखाली पेडल, बोटाखाली बटण, खट्, खट्, खट्. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर लढाईचा गेम खेळायची, तोही त्याच तालात. पात्रता फेऱ्यांत भल्याभल्यांना लोळवून ती शेवटच्या आठात आली. पहिल्या तिघांना तुमच्या कंपनीच्या संघात पगारी नोकरी मिळणार होती. अट एकच, आधीची नोकरी सोडलेली असावी.

“नीट विचार केलास ना?” नवऱ्याने विचारलं. तो लिफ्ट चालवायचा.

“अहो, तुम्ही आयुष्यभर वर-खाली केलंत. मला एकदा वरच्या मजल्यावर उतरू द्या.”

तिने राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवशी तुमच्या नियमवाल्या साहेबाने तिला बोलावून घेतलं.

“बाई, आमच्या कॉम्प्युटरने तुम्हाला पकडलंय. तुमचं बोट दर वेळी अगदी सारख्या अंतराने पडतं. माणूस असा खेळत नाही. फोनमध्ये प्रोग्रॅम लावलाय तुम्ही.”

“साहेब, एक बटण वाकडं लागलं तर मुकादम शर्ट तोंडावर फेकायचा. हाताला वळण लागलं, त्यात माझा काय गुन्हा?”

“सोमवारी आमच्यासमोर खेळून दाखवा. माणसासारखं.”

झालं. घरी माणसासारखं खेळायची शिकवणी सुरू झाली. नवरा डोक्याशी उभा.

“चूक आता. हां. पुन्हा चूक. अगं, दर पाचव्या वेळी चुकतेयस. इतकं शिस्तीत कोण चुकतं?”

“मग कसं चुकू?”

“माझ्याकडे बघ. मी कधी ठरवून चुकलोय का?”

सोमवारी तिने जिवाचा आटापिटा करून घाण खेळ केला. नाक खाजवलं, मोबाईल पाडला, मोकळ्या भिंतीवर गोळ्या झाडल्या. कॉम्प्युटर खूश झाला.

“तुम्ही माणूस आहात, यात शंका नाही,” नियमवाला म्हणाला. “पण मग पात्रता फेऱ्या तुम्ही खेळलेल्या नाहीत. तो खेळाडू फारच चांगला होता.”

“साहेब, ती मीच.”

“ते यंत्र होतं. तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत.”

ती तशीच कारखान्यात गेली. मुकादमाने तिच्या जागेकडे बोट दाखवलं. तिथे आपोआप बटणं लावणारी नवी मशीन बसली होती. “चार बायकांचं काम करते,” तो म्हणाला. “तुझ्याइतकं सरळ नाही लावत, पण रजा मागत नाही.”

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नियमवाल्याचा फोन. आठ चेहऱ्यांची पोस्टरं शहरभर लागली होती आणि खुर्ची रिकामी दिसली असती तर जाहिरातदार बोंबलले असते.

“ताई, तुम्ही नुसतं येऊन बसा. बंद मोबाईल धरून अंगठे हलवा. तुमच्या नावाने आमचा सरावाचा प्रोग्रॅम खेळेल.”

“म्हणजे ज्याच्यापायी मला हाकललंत, तेच?”

“तो आमचा आहे, ताई. नियमात बसतो.”

“आणि तो पहिल्या तिघांत आला तर?”

“नोकरी तुमची. लिहून देतो.”

ती गेली. दुसरं करणार काय होती? झगमगाटात, हजार माणसांपुढे, काळ्या काचेवर अंगठे हलवत बसली. तुमचा प्रोग्रॅम मैदानात उतरला, एका दगडाला धडकला, मागे सरला, पुन्हा त्याच दगडाला धडकला. पहिल्याच मिनिटाला कुणीतरी त्याला मागून टिपलं. पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर लाल फुली आली. निवेदक म्हणाला, “बाईंना दडपण झेपलं नाही.” सभागृह खदखदून हसलं. नवरा तेवढा खुर्चीच्या कडेला बसून तिच्या अंगठ्यांकडे बघत होता. ते अजून हलत होते.

आठवड्याने पत्र आलं: ‘आपला खेळ निराशाजनक असल्याने नोकरीसाठी विचार करता येत नाही.’

आता ती दुसऱ्या कारखान्याचा अर्ज भरतेय. त्यात एक रकाना आहे, आधीची नोकरी का सोडली. ‘स्पर्धेत हरले’ असं लिहायला तिचा हात धजत नाही, आणि ‘हरले नाही’ लिहावं तर पुरावा तुमच्याकडे. तेव्हा साहेब, त्या दिवशी नेमकं हरलं कोण, ते सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. शुक्रवारी अर्जाची मुदत संपते.