सातव्या खाटेवरचा पेशंट

बोलण्याच्या आणि गिळण्याच्या उपचारांत एम.ए. करणाऱ्या रुदैनाची आज शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती, अम्मानच्या एका इस्पितळात. सातव्या खाटेवरच्या अबू नायफना तपासायचे होते. पक्षाघाताला तीन आठवडे झाले होते, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

"तू सुरू कर, मी आलेच," असं म्हणून परीक्षक डॉ. इब्तिहाल फोन घ्यायला गेल्या.

खाटेवर साठीचे गृहस्थ पडले होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं, हनुवटीवर लाळ. रुदैनाला हायसं वाटलं. पुस्तकात होतं अगदी तस्संच!

"सलाम, काका. नाव सांगता का तुमचं?"

"दा... दा...!" गृहस्थांनी गालाकडे बोट दाखवलं.

रुदैनाने लिहिलं : एकच अक्षर पुन्हापुन्हा.

"बरं, घोटभर पाणी घ्या."

पाणी ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर आलं. गृहस्थ दोन्ही हात जोरजोरात नाचवू लागले. "ई आआई आई!"

"आजारी नाही म्हणताय? असं वाटतं हो सगळ्यांना." तिने लिहिलं : आजाराची जाणीव नाही.

मग तिने घट्ट केलेल्या रसाचा चमचा पुढे केला. पोरीचं मन कसं मोडायचं, म्हणून त्यांनी कसाबसा गिळला. दुसऱ्या चमच्याला मात्र ठसका लागला आणि तोंडातून रक्ताने माखलेला कापसाचा बोळा बाहेर पडला.

"सिस्टर!" रुदैना किंचाळली. दोन नर्स धावत आल्या. एकीने खांदे दाबून धरले, दुसरीने नळी आणली.

तेवढ्यात एक चाकाची खुर्ची दारात आली. खुर्चीत खरे अबू नायफ होते, एक्स-रे काढून परतलेले. मागे त्यांची बायको. आपल्या खाटेवर, आपल्या उशीवर धाकटा भाऊ पसरलेला पाहून अबू नायफांचा चेहरा लालबुंद झाला.

"ऊठ!"

खांदे दाबणाऱ्या नर्सने हात सोडले.

"बोलले! अगं बाई, बोलले!" बायकोला रडू फुटलं. मग दिराकडे पाहून ती म्हणाली, "शाहेर भावजी, तुम्ही इथे? दाढ काढायला गेला होतात ना?"

शाहेरने बधिर गालावर हात ठेवून मान हलवली. दवाखान्यातून थेट भावाला भेटायला आला होता; खाट रिकामी दिसली, जरा आडवा झाला होता.

डॉ. इब्तिहाल केव्हाच मागे येऊन उभ्या होत्या. "मनगटावरची नावाची पट्टी वाचलीस?"

"नाही, डॉक्टर."

"मग नापास. उद्या पुन्हा."

दुसऱ्या दिवशी रुदैनाने पट्टी तीनदा वाचली. अबू नायफना खुर्चीत बसवलं. नवऱ्याला पुन्हा बोलतं करायचं, या वहिनीच्या हट्टापुढे शाहेरचा इलाज नव्हता. सुजलेला गाल सांभाळत तो पुन्हा भावाच्या खाटेवर पडला.

अबू नायफ आणखी चार शब्द बोलले. त्यातले तीन चारचौघांत उच्चारण्यासारखे नव्हते. रुदैनाने मान खाली घालून, एकही अक्षर न गाळता ते अहवालात उतरवले.

डॉ. इब्तिहालनी अहवाल वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि खाली शेरा लिहिला : उच्चार अगदी स्पष्ट. उत्तीर्ण.