चिंगीच्या हिरड्या

आमचे शेजारी भोयेकाका रोज सकाळी खाकी शर्ट चढवून ओट्यावर बसतात आणि मांजराचे दात घासतात. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण ड्युटी आणि गणवेश यांची ताटातूट त्यांना सोसत नाही. एकदा मी म्हटलं, बनियनवर घासले तर काय बिघडतं? तर म्हणाले, "मास्तर, तुम्ही शाळेत लुंगीवर जाता काय?"

मांजरीचं नाव चिंगी. तिच्या हिरड्या सुजतात, लालभडक होतात, तोंडातून लाळ गळते. हे दुखणं पुरतं जाणारं नाही, रोज निगा राखून काबूत ठेवायचं, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. काका त्याला 'मेंटेनन्स' म्हणतात. सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या अकलेने करंजाची काडी आणली आणि चिंगीला समजावं म्हणून तिच्यासमोर बसून स्वतः चावून दाखवली. चिंगीने सगळं नीट पाहिलं आणि निघून गेली. मग ते लवंगेचं तेल लावायला निघाले. डॉक्टरांनी त्यांना असं झापलं, की मांजराला ते विष असतं हे आता आमच्या अख्ख्या आळीला पाठ आहे. तेव्हापासून मांजरांची वेगळी पेस्ट, बोटाला गुंडाळलेलं मऊ कापड आणि काटे काढून कुस्करलेली मासळी. काकांचे हात बघितले तर वाटावं, करवंदाच्या जाळीत घालून आलेत.

एवढं करूनही या उन्हाळ्यात चिंगीने खाणं सोडलं. मागचे दात काढावे लागतील, नाशिकला न्या, असं डॉक्टर म्हणाले. काका नाशिकचं नावही काढू देईनात. मी समजावलं, अहो, भूल देऊन काढतात, तिला कळणारही नाही. तेव्हा हळूच म्हणाले, "भुलीतून उठली नाय तर? घरात माझ्या हाकेला ओ देणारी तेवढी एकच हाय, मास्तर."

शेवटी काका तिला न्यायला तयार झाले. टोपली धरायला म्हणून मीही बरोबर गेलो.

जव्हारहून जाताना काका एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि नाशिक येईपर्यंत त्या बिचाऱ्याला गाडी शिकवत राहिले. गिअर आता टाक, हॉर्न दे, पुढे खड्डा हाय. आम्ही उतरताना ड्रायव्हरने त्यांना हात जोडले.

दात निघाले. चिंगी शुद्धीवर आलीय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तिने डोळेही उघडले होते, पण काकांचा विश्वास बसेना. परतीच्या बसमध्येही तीच सीट मिळाली, तरी ते गप्प. मांडीवरच्या टोपलीवर वाकून मधूनमधून हाक मारायचे, "चिंगे." आतून काहीच नाही. घाट उतरून झाला, तरी नाही. आता मलाही धास्ती वाटू लागली होती.

मोखाड्याच्या अलीकडे त्यांनी पुन्हा हाक मारली आणि टोपलीतून बारीकसं, वैतागलेलं 'म्याव' आलं. काकांनी बाहीने डोळे पुसले. मग घसा खाकरला, पुढे वाकले, आणि तिथून थेट जव्हारपर्यंत ड्रायव्हरला एकही गिअर स्वतःच्या मनाने टाकू दिला नाही.