टर्बीचा चार्ज

ढोमणे साहेबांनी मला फसवलं. चार दिवसांसाठी म्हणून कुत्री सांभाळायला दिली आणि सही घेतली ती बेमुदत. मी भिवापूरच्या बाजारात पोत्यावर बसून मिरची विकली, तिथून निघून नागपूरला इतवारीत स्वतःचं ठोक दुकान उभं केलं. देठ पाहून मिरची कुठली ते सांगतो. अशा माणसाला एका रिटायर्ड नोकरदारानं गंडवावं, हे मला अजून पचलेलं नाही.

ढोमण्यांची आणि माझी कंपाउंडची भिंत एक. कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये, त्यांनी चौतीस वर्षं शिफ्ट केली. रिटायर होताना कंट्रोल रूम सोबतच घेऊन आले. दर तासाला आकडे लिहायची सवय सुटेना. आधी टाकीतलं पाणी लिहायचे, इन्व्हर्टरचं चार्जिंग लिहायचे. बायको गेल्यावर तर रात्री उठूनही लिहायचे. मग टर्बी आली. टर्बाइनचं लाडाचं नाव. गावठी कुत्री, तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. पाणी किती वाट्या, शेपूट जोरात की हळू, सगळं रजिस्टरात.

हसायचो मी. पण त्याच रजिस्टरानं तिला वाचवलं, हे कबूल करतो. तिसऱ्या वर्षी टर्बी मधूनच गळून खाली बसू लागली. उलट्या, लटपटणारे पाय, जेवण बंद. सलाइन लावलं की दोन दिवसांत पळायची, पुन्हा काही दिवसांनी तेच. कोणी पोट म्हणे, कोणी किडनी. शेवटी ढोमण्यांनी रजिस्टर डॉक्टरीणबाईंपुढे उघडलं. "मॅडम, पाहा. जवा जवा गल्लीत कल्ला झाला, तवा तवा हे बसली."

बाईंनी रक्त तपासलं. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. मग एक इंजेक्शन देऊन, त्याच्या आधीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलं आणि आजाराचं नाव निघालं, अ‍ॅडिसन.

"म्हणजे काय जी?" मी ढोमण्यांना विचारलं.

"किडनीच्या वर दोन लहानशा ग्रंथी असतात गा, प्रभाकर. शरीरावर ताण आला का त्या आतून दम पुरवते. प्लान्टमधी लोड वाढला का कोळसा वाढवा लागते ना, तसं. हिचा कोळसा टाकणाराच संपावर गेला. आता जन्मभर आपण हातानं टाकाचा."

म्हणजे रोज दोन औषधं. एक शरीरातलं मीठ सांभाळायला, दुसरी स्टेरॉइडची बारीक गोळी. आणि ज्या दिवशी ताण येणार, त्या दिवशी आधीच जादा गोळी. बाकी कुत्री ठणठणीत.

पण ताण कधी येणार हे कसं कळायचं? ढोमण्यांनी गल्लीत परमिट सुरू केलं. प्लान्टमध्ये परमिटशिवाय कोणी पाना उचलत नाही, तसं इथे. वरात असो, फटाके असोत, टाइल्स कापायची मशीन असो, आदल्या दिवशी ढोमण्यांकडे फॉर्म भरायचा. एकदा बँडवाल्यालाच अडवलं. "ढोल किती? किती वेळ? सही करा इथं."

माझं डोकं फिरलं. "मी माह्या घरात खिळा ठोकाचा तरी तुमची सही?"

"एकच हाय ना खिळा? मंग चालते."

तर हे ढोमणे एके दिवशी भिंतीवरून म्हणाले, "पुतण्याचं लग्न हाय अमरावतीले. चार दिवस टर्बीले पाहशील का?"

मी फुकट काही करत नाही. म्हटलं, "माह्या बोअरवेलले परमिट लागणार नाही. बोला."

"परमिट नाही पायजे. जादा गोळी मात्र पायजे."

एका बोलीत सौदा पटला. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. त्यांनी रजिस्टर पुढे केलं. एका रकान्यात त्यांची सही, 'चार्ज दिला'. दुसऱ्यात माझी, 'चार्ज घेतला'. खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी न वाचता सही केली.

तिसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. आजच मारा, भाव कमी करतो, गाडीवाला म्हणाला. मी सोडतो होय! टर्बी अंगणात चेंडूमागे धावत होती. मी विचार केला, एवढ्या धडधाकट कुत्रीला जादा गोळी कशाला? समोरचा सांगतो त्याच्या निम्म्यात भागतं, हा माझा जन्माचा अनुभव. रोजची औषधं दिली. जादा दिली नाही.

मशीन दुपारपर्यंत जमीन फोडत होती. टर्बी आधी थरथरली, मग ओकली, मग पाय पसरून पडली. हाक मारली तर उभा कानही हलेना. तिला छातीशी धरून मी दवाखान्यात पळालो. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, नाडी मंद झाली म्हणाल्या. "शेठ, मिरचीत करा घासाघीस. गोळीत नको."

दोन तासांनी टर्बीनं माझा अंगठा चाटला. मी, मोठा रागीट माणूस, टेबलाखाली काहीतरी शोधत राहिलो.

ढोमण्यांना फोन लावला. उचलला एका नर्सनं. "पेशंट आयसीयूत आहेत. काल बायपास झाली."

अमरावती नाही, लग्न नाही. हॉस्पिटल इथेच, नागपुरात.

दुसऱ्या दिवशी भेटू दिलं. नळ्यांच्या गुंत्यातून आवाज आला, "रीडिंग सांग."

"रीडिंग गेलं खड्ड्यात! काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू सही केली असती का?" मग म्हणाले, "दोनदा ऑपरेशनची तारीख पुढं ढकलली गा. हिले गोळी द्याले कोणी नव्हतं. तू भांडतं, पण सौदा मोडत नाहीस."

मला काल न दिलेली जादा गोळी आठवली. सौदा मी मोडला होता. घरी येऊन रजिस्टरात लिहिलं, 'जादा गोळी दिली नाही. कुत्री मरता मरता वाचली. चूक प्रभाकरची.' तेव्हाच खालची बारीक अक्षरं वाचली. 'रिलीव्हर आल्याशिवाय चार्ज सोडता येणार नाही. रिलीव्हर न आल्यास कुत्री ह्याच इसमाची.' रिलीव्हर म्हणजे पाळी सोडवायला येणारा माणूस, इथे ढोमणे स्वतः.

ढोमणे घरी आले. माझी नोंद वाचली, चष्मा पुसला. टर्बी आता सकाळी त्यांच्याकडे, दुपारी माझ्याकडे. माझ्या दुकानात गोळ्यांची डबी आहे आणि गल्लीतले लोक परमिट मागायला माझ्याकडेही येतात.

चार्ज परत घेतल्याचा रकाना मात्र अजून कोरा आहे. रोज भिंतीवरून ओरडतो, "साहेब, सही करा."

"पेन सापडून नाही राहिला गा."

पेन त्यांच्या खिशाला लावलेला असतो. मला दिसतो. चार दिवसांच्या सौद्याला आता पाच महिने झाले. हा पेन का सापडत नाही, याचा मला जबाब पाहिजे. ढोमण्यांनी द्यावा. आणि तो द्यायला त्यांनी अजून पुष्कळ वर्षं लावली तरी त्या रजिस्टरावर माझी सही आहे, मी इथून हलणार नाही.